जुना हार्वेस्टर चढावर ओढत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न असा: शिरूरकडे जुना बेल्ट-ड्राइव्हचा हार्वेस्टर, रिकामा असताना नीट पळतो, पण गव्हाची टाकी भरली की चढावर जागीच थांबतो. इंजिनचा आवाज पडत नाही. मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवू.

इतक्यात उतरवू नका. इंजिन दबत नाही म्हणजे ताकद मधेच कुठेतरी घसरते आहे, आणि लोड आल्यावरच घसरत असेल तर संशय आधी बेल्टवर, मग क्लचवर. गिअरचे दात किंवा हाफ ॲक्सल (एका बाजूच्या चाकाला फिरवणारा दांडा) तुटला तर मशीन बहुधा एकदम बंद पडतं, चढ-उतार बघत नाही. ॲक्सल एकाच बाजूचा तुटला तरी दोन्ही चाकं थांबतात, कारण डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणारा गिअरसंच) सगळी फिरकी मोकळ्या बाजूला सोडतो.

आधी इंजिन बंद, चावी खिशात, कटर जमिनीवर, चाकाला दगड. इंजिनपासून व्हेरिएटर (तबकडी सरकवून चालण्याचा वेग कमी-जास्त करणारी पुली) आणि व्हेरिएटरपासून गिअरबॉक्स, हे दोन्ही बेल्ट बघा. व्ही-बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाने नाही. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील किंवा बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल (तळ घासून चमकतो, लगेच कळतं), तर कितीही ताणा, तो धरणार नाही. नुसता ढिला असेल तर दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा: मीटरभर अंतराला साधारण 15 मिमी दबावा. मशीनचं मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा धरा. राळ किंवा डांबर लावायचा सल्ला कोणी देईलच. दोन दिवस धरतो, मग भुसा चिकटून बेल्ट आणि पुली दोन्ही जातात.

व्हेरिएटरची सरकती तबकडी धूळ आणि वाळलेल्या ग्रीसने शाफ्टवर अडकते. मग वेगाचा लिव्हर हलवूनही वेग बदलत नाही आणि एक बेल्ट कायम ढिला राहतो. तबकडी डिझेलने धुवा, मात्र बेल्ट काढून, आणि ग्रीस थोडंच भरा; जास्तीचं उडून बेल्टवर जातं. इंजिन बंद असताना हा लिव्हर ओढू नका, बेल्ट न फिरता दाबला जातो.

बेल्ट ठीक असेल तर क्लच. पेडलला साधारण 25 मिमी मोकळी चाल हवी. चालच नसेल तर प्लेट अर्धवट सुटलेली राहते, आणि हे नुसत्या ॲडजस्टमेंटने सुटतं. चाल असूनही घसरत असेल तर हाउसिंगच्या खालून तेल झिरपतंय का बघा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं की प्लेट तेलात भिजते. तेव्हा प्लेट आणि सील दोन्ही बदला. नुसती प्लेट टाकली तर पुढच्या हंगामात हेच काम परत.

खात्री करायची तर सपाट जागी, हँडब्रेक पक्का असेल तरच, समोर कोणी नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडायला हवं. नाही पडलं तर दुसऱ्या माणसाने लांबून गिअरबॉक्सची पुली बघावी: ती थांबलेली असेल तर बेल्ट घसरतोय, ती फिरत असेल तर क्लच. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

बेल्ट घ्यायला पुण्यात नाना पेठेत जाणार असाल तर जुना बेल्ट सोबत न्या, त्यावरचा नंबर पुसला असेल तर रुंदी आणि बाहेरची लांबी मोजून लिहा. व्हेरिएटरचे दोन्ही बेल्ट एकदमच बदला. एक नवा, एक ताणलेला असला की तबकडी मधोमध बसत नाही. नवे बेल्ट सुरुवातीच्या काही तासांत ढिले पडतात, तेव्हा पहिल्या दिवशी दुपारी ताण पुन्हा तपासा.