भाजून, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) होऊन आलेली हाताने घडवलेली भांडी डुगडुगत असतील, तर ती सपाट कशी बसवावीत?

आपल्या वाट्या आणि ताटल्या भट्टीतून आल्यावर टेबलावर डुगडुगतात, असे आपण लिहिले आहे. बहुतेक भांडी सुधारता येतात. मात्र घासण्यापूर्वी दोष भांड्याचा आहे की टेबलाचा, हे ठरवावे. भांडे जाड, सपाट काचेवर ठेवून हलवून पाहावे आणि मग पाव फेरा फिरवून पुन्हा पाहावे. डुगडुगण्याची दिशा भांड्याबरोबर फिरली, तर दोष तळाचाच आहे.

यानंतर तळ नेमका कोठे टेकतो ते शोधावे. काचेवर कार्बन पेपर शाईची बाजू वर करून ठेवावा आणि त्यावर भांडे हलकेच सरकवावे, म्हणजे उंच भागांवर काळे डाग उमटतात. डाग मधोमध असेल, तर तळाला फुगवटा आला आहे आणि अशा वेळी संपूर्ण तळ सपाट करण्याचा खटाटोप करू नये; मधला भाग थोडा खोलगट झाला आणि भांडे तळाच्या कडेवर टेकले, की काम झाले. कडेवर समोरासमोर दोन डाग असतील, तर भांडे पिळवटले आहे आणि तेवढेच दोन भाग उतरवायचे आहेत.

कडेचे उंचवटे घासण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर काचेवर चिकटवावा, त्यावर पाणी घालावे आणि भांडे गोलाकार फिरवत, अधूनमधून त्याची दिशा बदलत घासावे. सुरुवात ८० किंवा १२० या भरड क्रमांकाने करून पुढे २२० आणि ४०० हे बारीक कागद वापरावेत. मधला फुगवटा मात्र काचेवर घासून खोलगट होणार नाही, त्यासाठी लहान डायमंड पॅड (हिऱ्याची भुकटी बसवलेली घासणी) हातात धरून तेवढाच भाग झिजवावा लागतो. स्टोनवेअर आणि पोर्सेलीन ही जास्त तापमानाला भाजलेली भांडी इतकी कठीण असतात, की त्यांच्या कडेसाठीही डायमंड पॅडच बरा पडतो. काम ओलेच करावे, कारण या धुळीतील सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते. शिवाय ग्लेझच्या कपच्या काचेसारख्या धारदार असतात, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेत.

आपली भांडी कमी तापमानाला भाजलेल्या मातीची असतील, तर मी तळाचे ग्लेझ घासून काढण्याचा सल्ला देणार नाही. अशी माती भाजल्यावरही सच्छिद्र राहते, उघड्या पडलेल्या जागेतून पाणी शोषते आणि टेबलावर ओलसर वर्तुळे उमटवते. त्यांना फुगवट्यापेक्षा जाड असे सिलिकॉनचे तीन चिकट ठिपके कडेजवळ लावावेत. ते तीनच असावेत, कारण तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू कधीच डुगडुगत नाही आणि चौथा ठिपका लावला, की पहिलाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. भांडे पुन्हा भाजले की आपोआप बसते, असेही सांगितले जाते. मला तो जुगार वाटतो, कारण तळ बसण्याऐवजी भांड्याची वरची कड वाकडी होऊ शकते आणि ग्लेझ ओघळू शकते.

पुढच्या खेपेला हे काम बरेच आधी उरकता येईल. बिस्क म्हणजे पहिल्या भाजणीनंतर, ग्लेझ लावण्यापूर्वी, तळ वॉटर पेपरवर थोड्या वेळात सपाट होतो. घासल्यावर भांडे धुऊन पूर्ण वाळवावे, एवढेच पथ्य. त्याहूनही सोपी वेळ म्हणजे माती चामड्याइतकी घट्ट झालेली असताना तळाचा मध्य अंगठ्याने किंचित आत दाबणे, म्हणजे वजन कडेवर येते. मातीच्या सपाट लाटलेल्या पोळीपासून आपण ताटल्या बनवत असाल, तर ती एका कडेला धरून उचलू नका. एकदा वाकलेली माती सपाट केल्यावरही वाकल्याची आठवण ठेवते आणि वाळताना किंवा भट्टीत पुन्हा तशीच वळते. पोळी फळीवरच लाटून फळीसकट हलवावी आणि वाळवताना कड प्लॅस्टिकने झाकावी. स्टोनवेअरची माती एकूण साधारण १० ते १३ टक्के आकसते. कड आधी वाळली, तर ती आधी आकसते आणि ताटली वाकवते. शेवटी भट्टीतील फळीवर सपाट पट्टी उभी धरून तीही तपासावी. अनेक भाजण्यांनंतर फळ्या वाकतात आणि त्यांवरची भांडी त्यांचाच आकार घेतात.