प्रवाळातलं शेवाळ, जिवाणू आणि सोयाबीनच्या गाठी

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न आवडला. प्रवाळातल्या शेवाळाला ऊन मिळतं, साखर ते स्वतः बनवतं, मग त्याला जिवाणू कशाला हवेत? समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण अर्धं उत्तर तुमच्याच वावरात आहे.

फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचं एक झाड मातीसकट हळूच उपटा, मुळं बादलीत बुचकळा. मुळांवर गाठी दिसतील. एक नखानं फोडली की आत गुलाबी. तो रंग दिसला म्हणजे आतले रायझोबियम नावाचे जिवाणू कामाला लागलेत. ते हवेतला नत्र (नायट्रोजन) स्थिर करून, म्हणजे घेता येईल अशा रूपात आणून, झाडाला देतात, झाड त्यांना साखर पुरवतं.

प्रवाळात या व्यवहारात तिघं आहेत. प्रवाळ स्वतः प्राणी. त्याच्या पेशींच्या आत झुझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं, एका चौरस सेंटीमीटरमागे दहा लाखांच्या घरात. प्रवाळाच्या गरजेची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा तेच पुरवतं. पण तिथलं पाणी नितळ, म्हणजे खताविना पडलेल्या बरड जमिनीसारखं. नत्र आणायचा कुठून? 2004 मध्ये मायकेल लेसर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधल्या एका प्रवाळाच्या पेशींतच नत्र स्थिर करणारे सायनोबॅक्टेरिया दाखवले. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत जे निळं-हिरवं शेवाळ टाकतात, त्याच जातकुळीतले हे जीव.

दुसरी गोष्ट बी-12 ची. हे जीवनसत्त्व ना प्राणी बनवू शकतात, ना वनस्पती. ते जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांनाच जमतं. अनेक शेवाळांना ते लागतं आणि सोबतच्या जिवाणूंकडून मिळतं. हे जिवाणू प्रवाळाच्या चिकट स्रावात असतात, शेवाळाला लगटून असतात, आणि 2021 मध्ये तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या शेवाळाच्या पेशींच्या आतही सापडले.

पण मुलीनं खरं लक्ष द्यावं ते इथे: हा सगळा संसार नत्राच्या टंचाईवर टिकलाय. एका वर्षी मी शेजाऱ्याचं ऐकून सोयाबीनला दोनदा युरिया दिला. झाडं कमरेला लागली, पानं काळीभोर हिरवी. उपटून पाहिलं तर गाठी मोजून चार, तीही आतून पांढरट. शेंगा पाहून पोटात गोळा आला. आयतं मिळाल्यावर झाड जिवाणूंना कशाला पोसेल? प्रवाळातही सांडपाण्यातून नत्र वाढला की शेवाळ भराभर वाढतं आणि साखर स्वतःच्या वाढीला वापरतं, प्रवाळाच्या वाट्याला कमी येते. त्यात पाणी तापलं की प्रवाळ शेवाळ गमावतो आणि पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर एखादा अंश काही आठवडे राहिला तरी पुरे. 2024 च्या एप्रिलमध्ये प्रवाळ असे पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली.

प्रवाळ पाहायला मालवणला जाता येईल तेव्हा जा. तोवर हरभऱ्याच्या पेरणीला तिला तीन तास, म्हणजे पेरणीच्या तीन ओळी, आखून द्या: एकाचं बियाणं रायझोबियम लावलेलं, एक साधा, एक युरिया दिलेला. महिना-दीड महिन्यानं प्रत्येकातली पाच झाडं उपटून गाठी मोजायच्या, फोडायच्या आणि आतला रंग वहीत लिहायचा. फोटो मला पाठवा, मी पाहून सांगतो.