फुटबॉलमध्ये गोलकीपर बाकी खेळाडूंपेक्षा जास्त वय होईपर्यंत कसे काय खेळू शकतात?

कारण त्यांचं काम पळण्यापेक्षा खेळ ओळखण्याचं (बॉल कुठे येणार हे आधीच हेरण्याचं) जास्त आहे, आणि ही ओळख वयाबरोबर सुधारते. मिडफिल्डर (मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा) एका मॅचमध्ये दहा-अकरा किलोमीटर पळतो, कीपर साधारण त्याच्या निम्मं, त्यात फुल स्पीडच्या धावा अगदी थोड्या, त्यामुळे पाय लवकर संपत नाहीत. रिफ्लेक्स थोडे मंदावतात, पण अनुभवी कीपर शॉट बसायच्या आधीच अर्धं पाऊल बरोबर जागी सरकलेला असतो, मग डाइव्ह मारायची वेळच कमी येते (टीव्हीवर ते अर्धं पाऊल दिसत नाही, डाइव्ह तेवढी दिसते). उदाहरणं बघा, इटलीचा दिनो झॉफ १९८२ चा वर्ल्डकप कॅप्टन म्हणून जिंकला तेव्हा ४० वर्षांचा होता, इजिप्तचा एसाम अल हदारी २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये ४५ व्या वर्षी खेळला आणि सौदीविरुद्ध पेनल्टीपण अडवली, इटलीचाच कीपर बुफॉन ४५ व्या वर्षी रिटायर झाला.

फक्त एक आहे, करिअर लांब म्हणजे मॅचेस भरपूर असं समजू नका. टीममध्ये जागा एकच, तीही शक्यतो कोणी बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे कितीतरी कीपर अख्खे सीझन बेंचवरच काढतात.