एकट्याने बाईकवर हिमालयात फिरताना अचानक फार उदास वाटतंय. हे नेहमीचं असतं का, की परत फिरावं?

तुम्ही लिहिलंय की हिमाचलातल्या स्पितीच्या वाटेवर आहात, गाडी ठीक, तब्येत ठीक, पैसे पुरेसे, तरी संध्याकाळ झाली की रडू येतं आणि घरी सांगायची लाज वाटते. आधी त्या लाजेचं बघू. ती काढून टाका. मला वाटली नव्हती, पण मला ती वाटावी म्हणून आमचे दाजी गेली कित्येक वर्षं जिवाचं रान करतायत. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलोय.

मी शिमला, रामपूर, कल्पा असा वर गेलो होतो, ऑगस्टात. कल्प्यापर्यंत एकदम मजेत. समोर किन्नर कैलास, खाली सफरचंदाच्या बागा, पोटात राजमा-चावल. पूहच्या पुढं हिरवं संपत जातं. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम आहे, तिथला पूल ओलांडला की नाकोची चढण लागते, वळणावर वळण. तिथं हेल्मेटच्या आत मला हुंदका आला. कारण काही नाही. ना कुणी गेलं होतं, ना कुणाशी भांडण झालं होतं. डोळे पुसायला जावं तर हातात ग्लव्ह, ग्लव्ह काढावा तर पट्टा निघेना, तोवर काच आतून वाफेनं पांढरी झालेली. गाडी कडेला घेऊन तसाच उभा राहिलो. एका बाजूला भुसभुशीत डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मी सांगलीचा.

पावसात आंबा घाट, वरंधा मी एकट्यानं किती वेळा केलाय. तिथं असलं काही होत नाही, कारण तिथं कुणी एकटं नसतंच. कणसं भाजणारी मावशी असते, टपरीवर थांबलं की ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ असतं. किन्नौर सोडल्यावर तासन् तास तोंडातून शब्द निघत नाही. आणि हेल्मेटच्या आत आपणच आपल्याशी बोलत बसलो की माणूस मागच्या दहा वर्षांचे हिशेब काढतो. नोकरी, वडील, राहून गेलेला फोन, सगळं.

शरीराचाही भाग आहे, तो लोक विसरतात. नाको साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथं समुद्रसपाटीपेक्षा प्राणवायू साधारण एक तृतीयांश कमी. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी त्या चढाला काळा धूर टाकत रडतखडत निघाली होती, पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी म्हणून. तिला धाप लागते हे आपल्याला पटतं, स्वतःचं पटत नाही. त्यात उंचीवर झोप तुकड्या-तुकड्यांत लागते, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येते. भूक मरते म्हणून दुपारी बिस्किटांवर भागवायचं, थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. एवढं केल्यावर कुणाचंही मन ठिकाणावर राहत नाही. आणि दरी अरुंद, सूर्य मावळायच्या कितीतरी आधी डोंगरामागं जातो, क्षणात गारठा. तुमची संध्याकाळ तिथंच बिघडते.

मी त्या दिवशी कसाबसा ताबोला पोचलो. गावात ९९६ सालचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ आहे, बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती. पण गोम्पाबिम्पा मला काही सुचत नव्हतं. घरगुती मुक्काम मिळाला. अंगणात मटारचा ढीग पडलेला. स्पितीत मटार हे नगदी पीक, ऑगस्टात पोती भरभरून खाली बाजारात जातात. घरच्या आजीबाईंना हिंदी येत नव्हतं. मी पायरीवर मख्खासारखा बसलोय म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता एक टोपली माझ्याकडं सरकवली.

घरी मटार सोलायला बसवलं की मी फोन आल्याचं नाटक करतो. तिथं सोलत बसलो. शेंग अंगठ्यानं टोकाकडून दाबायची, मग ती फटकन् उघडते, हे आजींनी दोनदा करून दाखवलं. दाणे गोड, कच्चेच खावेत असे. टोपलीत कमी आणि तोंडात जास्त जातायत हे बघून त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि स्वतःच हसल्या. अख्ख्या दिवसात माणसाचा स्पर्श तो एवढाच. अंधार पडेपर्यंत नखं हिरवी झाली होती आणि सडकून भूक लागली होती. दोन वाट्या थुक्पा प्यालो. मी पुढचं काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, रद्द केलं, तिथंच राहिलो, गोम्पात जाऊन अंधारात बसलो, रस्त्याच्या कडेला चेन साफ केली आणि सुट्टी संपत आली तेव्हा आल्या वाटेनं किन्नौरातून खाली उतरलो. कुंझुमची खिंड ओलांडून मनालीकडं गेलो नाही. सर्किट अर्धं.

आता दाजी. साखरपुडा असो, बारसं असो, चार माणसं जमली की ते सुरू करतात: ‘हा स्पितीला गेला आणि मटार सोलून आला!’ दाजी स्वतः लेहला जाऊन आलेत, त्याचा फोटो हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. ग्रुपमध्ये गेले होते. सामान मागच्या पिकअपमध्ये, मेकॅनिक सोबत. त्यांचं म्हणणं, एकटा गेलास म्हणून कोलमडलास, ग्रुपमध्ये असतास तर असलं काही झालं नसतं. मोठ्या माणसाला तोंडावर काय बोलणार, म्हणून इथं बोलतो. लेहच्या वाटेवर सरचूच्या तंबूत दाजी रात्रभर ओकत होते, डोकं फुटायची पाळी आली होती, आणि कुणाला कळू दिलं नाही, कारण सकाळी मागं राहणारा भित्रा ठरला असता. हे मला ताईनं सांगितलं. ग्रुपमध्ये उदासी येत नाही हे साफ खोटं. तिथं ती बोलून दाखवायची सोय नसते. वर जाताना आजार लपवणारा माणूस बहाद्दर आणि ताबोत थांबून जेवणारा घाबरट, हा कुठला न्याय?

तर तुमचं. आहात तिथं दोन रात्री थांबा. हॉटेलच्या खोलीत नको, कुणाच्या तरी घरात. गाडी दुपारी तीनच्या आत लावायची, उजेडात आंघोळ, गरम जेवण. घरी फोन सकाळी करा. संध्याकाळच्या फोननं दोन्हीकडची झोप जाते. रम घेऊन झोपू नका, उंचीवर ती झोप आणि श्वास दोन्ही बिघडवते. कुणी काम दिलं तर करा. ‘स्वतःला शोधायला’ एकट्यानं जायचं असतं वगैरे जे रील्समध्ये सांगतात त्याकडं दुर्लक्ष करा, सापडतं ते बहुतेक वेळा थकलेलं आणि उपाशी असतं.

नंतर मन ताळ्यावर आलं तर पुढं जा, पण मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. काझ्याला पेट्रोल भरून घ्या. आणि मन उदास असताना कुंझुम ओलांडून बातल-ग्राम्फूच्या त्या दगडगोट्यांत एकट्यानं शिरू नका. दुपारनंतर तिथल्या नाल्यांना पाणी चढतं.

एक राहिलं, खरं तर वर लिहायला हवं होतं. उदासीबरोबर डोकेदुखी, मळमळ असेल तर ती उंचीची बाधा समजा, वर चढू नका. चालताना तोल जातोय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा नुसतं बसूनही धाप लागतेय, तर रात्र असली तरी खाली उतरा, आणि गाडी स्वतः चालवू नका, कुणाच्या तरी जीपमधून. आणि हे उदासपण घरून निघण्याच्या आधीपासूनच असेल, किंवा दरीकडं बघून नको ते विचार येत असतील, तर माझी मटारची गोष्ट बाजूला ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. ज्या घरी उतरलाय त्यांनाही सांगा. अशा वेळी गाडी तिथंच सोडून बसनं खाली आलात तरी चालतं, गाडी नंतर ट्रान्सपोर्टनं मागवता येते. नातेवाईक काय म्हणतील याची काळजी करू नका, ते तसंही म्हणणारच.