ताई, एवढं कमी खाऊनही वजन का वाढतं?

प्रश्न : ताई, मी बार्शीची. वय ४३, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी थायरॉईड निघालं. तेव्हा वजन ६१ किलो होतं, आता ७३ आहे. थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, तरी मागच्या महिन्यात टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) ९.८, म्हणजे वाढलेला, आला. मी खाणं अगदी कमी केलंय. सकाळी चहाबरोबर गोळी आणि दोन बिस्किटं. दुपारच्या डब्यात एक भाकरी, भाजी आणि थोडी आमटी. घरी आल्यावर चहा. रात्री नुसतं कपभर दूध. सोमवारी आणि चतुर्थीला उपास. कोबी, फ्लॉवर, शेंगदाणे बंद केलेत, मीठसुद्धा सैंधव आणलंय. तरी काटा हलत नाही. घरातले म्हणतात, ‘शाळेत काहीतरी खात असणार.’ दुपारी चौथ्या तासाला वर्गात डोळे उघडे ठेवणं कठीण होतं. चयापचय वाढवायला मी काय खाऊ?

उत्तर : ‘शाळेत काहीतरी खात असणार’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही खोटं बोलत नाही, हे आधी सांगते. तुमच्यासारखं खाऊन वजन वाढलेल्या बाया माझ्यासमोर रोज बसतात, आणि त्यांच्यातली एक मी स्वतः होते.

२०१२ साली मला थायरॉईड निघालं. नाशिकचा एप्रिल महिना, शेजारीपाजारी गच्चीवर झोपत होते आणि मी पायात मोजे घालून खोलीत शाल पांघरून पडायचे. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा, तो मी कागदात गुंडाळून टाकायचे, कुणाला दिसू नये म्हणून. तेव्हा मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होते, तरीही वजन वाढताना बघून घाबरले आणि स्वतःला ९०० कॅलरींवर आणलं. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. मग काटा अडला तो अडलाच. तिसऱ्या महिन्यात दवाखान्याचे दोन जिने चढताना मधल्या वळणावर कठडा धरून उभं राहावं लागायला लागलं. वजन तेवढंच होतं, माणूस मात्र निम्मं झालं होतं.

याचं कारण समजून घ्या. दिवसभरात आपण जी ऊर्जा खर्च करतो त्यातली साधारण ६० ते ७० टक्के नुसतं जिवंत राहण्यात जाते. मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडं हे सगळे झोपेतही काम करत असतात. हा खर्च किती व्हायचा ते बरंचसं थायरॉईडचं, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं, संप्रेरक (हार्मोन) ठरवतं. ते कमी पडलं की सगळं मंदावतं : नाडी, आतडी, त्वचेची वाढ, अंगातली ऊब. त्यात तुम्ही जेवणही तोडलंत. दुष्काळात घर कसं चालवतो आपण? भाज्या धुतलेलं पाणी झाडांना, अंघोळ अर्ध्या बादलीत. शरीरही तसंच करतं. गोळीतून मिळणारं टी-४ हे संप्रेरक शरीराला टी-३ या दुसऱ्या रूपात बदलून घ्यावं लागतं, तेच खरं कामाचं. फार कमी खाल्लं की हे रूपांतरच कमी होतं. शिवाय प्रथिनं मिळाली नाहीत की शरीर स्नायू मोडून खातं, आणि स्नायू गेले की बसल्याजागी होणारा खर्च आणखी उतरतो. म्हणजे आजाराने मंद केलेलं शरीर तुम्ही उपाशी राहून अजून मंद करताय. हा तुमचा दोष नाही. आपल्याला सगळीकडून ‘कमी खा’ एवढंच सांगितलं गेलंय.

आता गोळी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य ‘चहाबरोबर गोळी’ हे आहे. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर किमान अर्धा तास, जमलं तर पाऊण तास ते तास, पोटात दुसरं काही जाऊ द्यायचं नसतं. चहा-कॉफी आणि दूध तिचं शोषण कमी करतात. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर त्यात चार तासांचं अंतर हवं. ७५ची गोळी घेऊन टीएसएच ९.८ येतो, तेव्हा डोस कमी पडतोय हे जसं शक्य आहे, तसंच गोळी अंगाला लागतच नाहीये हेही शक्य आहे. डॉक्टरांना ‘मी चहाबरोबर घेत होते’ हे जरूर सांगा, नाहीतर ते डोस वाढवतील आणि मग तुम्ही गोळी नीट घ्यायला लागलात की तोच डोस जास्त होईल, छातीत धडधड सुरू होईल.

मी काय करते सांगते. उशाशी तांब्या-भांडं आणि गोळ्यांची पट्टी. डोळे उघडले की अंथरुणातच गोळी. मग झाडलोट, पाणी भरणं, देवपूजा, आणि त्यानंतर चहा. पाऊण तास असा निघून जातो की थांबल्याचं जाणवतही नाही. पट्टी ओट्यावर, गॅसजवळ ठेवू नका; उष्णता आणि दमटपणा या गोळीला सोसत नाही. सकाळच्या गडबडीत जमणारच नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण ते डॉक्टरांना विचारून ठरवा आणि एकच वेळ धरून ठेवा. बदल केल्यावर लगेच पंधरा दिवसांत तपासणी करू नका. रक्तातली पातळी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.

मग ताट. मी तुमच्या पत्रावरून हिशेब मांडला. दोन चहांतलं दूध, एक ज्वारीची भाकरी, भाजी, वाटीभरही नसेल अशी आमटी, रात्रीचं कपभर दूध, सगळी मिळून प्रथिनं कशीबशी २० ग्रॅम. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतात. तुमचं योग्य वजन ६० किलो धरलं तरी ५० ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून कमी. चौथ्या तासाला डोळे मिटतात यात नवल नाही.

बाजारातून पावडरचा डबा आणायची काही गरज नाही, तुमच्या सोलापूर जिल्ह्यात सगळं आहे. सकाळी शाळेत जायच्या आधी मूगडाळीची दोन धिरडी. रात्री ६० ग्रॅम डाळ, म्हणजे साधारण दोन मुठी, भिजत टाका. त्यातच १४ ग्रॅम प्रथिनं येतात. अंडी खात असाल तर दोन उकडलेली, १२ ग्रॅम. डब्यात एकाऐवजी दीड भाकरी न्या, पण बरोबर मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ, आणि छोट्या डब्यात दही. घरी आल्यावर चहाबरोबर मूठभर फुटाणे. आणि रात्री दूध पिऊन झोपायचं बंद. भाकरी-पिठलं खा, हुलग्याचे शेंगोळे करा, मेथीची पातळ भाजी डाळ घालून करा. हे सगळं मिळून ५० ग्रॅम होतात आणि पोटही साफ राहतं, कारण बद्धकोष्ठाचा त्रास तुम्ही लिहिला नसलात तरी असणारच. पहिले दोन आठवडे तुम्हाला भीती वाटेल की एवढं खाल्ल्यावर वजन वाढेल. मलाही वाटली होती. काट्यावर रोज उभ्या राहू नका, पंधरा दिवसांनी एकदा बघा.

शेंगदाणे परत आणा. सोलापुरी शेंगाचटणी बंद करून भाकरी खायची ही शिक्षा तुम्हाला कुणी दिली? कोबी-फ्लॉवरमधली काही द्रव्यं थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात हे खरं, पण शिजवल्यावर ती बरीच कमी होतात, आणि आठवड्यातून दोनदा भाजी खाणाऱ्या, आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या बाईला त्याने काही होत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पिऊ नका, बास.

मीठ मात्र बदला. सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच असतं. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत घराघरांत गळ्याला गाठ दिसायची. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनचं मीठ देऊन बघितलं, गलगंड कमी झाला, आणि त्यावरूनच १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या कष्टाने घरात आलेली गोष्ट आपण ‘नैसर्गिक’ या एका शब्दासाठी बाहेर काढतोय, याचं मला फार वाईट वाटतं. साधं आयोडीनयुक्त मीठ, दिवसाला सपाट चमचाभर, झाकणाच्या बरणीत. पण आयोडीन चांगलं म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. आपल्याकडे बहुतेकींचं थायरॉईड हाशिमोटो प्रकारचं असतं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. तिथे जास्तीच्या आयोडीनने बिघाड वाढू शकतो.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही, माझी आईही चतुर्थी करायची. पण १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५०च्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी करा, किंवा राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही. भगरीचं सुटं पीठ आणू नका, पाकीटबंद भगर आणून निवडून घ्या; जुन्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात येतात.

एक गोष्ट कटू आहे, पण लपवणार नाही. थायरॉईडमुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते साडेचार किलो असतं, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. तुमचे बारा किलो सगळेच या आजाराचे नाहीत. काही थकून बसून राहिल्याचे आहेत, काही चाळिशीचे. गोळी लागू पडली की सूज उतरेल, बाकीचं सावकाश जाईल. त्यासाठी चालणं आहेच, शिवाय हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात होईल. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा हिमोग्लोबिन आणि बी-१२ही तपासायचं का ते विचारा. शाकाहारी घरांत ते फार वेळा कमी निघतं आणि थकवा सगळा थायरॉईडच्या नावावर जातो.

आणि हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : वय २७, पुण्यात नोकरी करते. हाशिमोटो निघालाय. मैत्रिणी म्हणतात गहू पूर्ण बंद कर. केस गळतात म्हणून बायोटिन घेते. जेवण मेसचं असतं.

उत्तर : गहू बंद करू नकोस, निदान आत्ता तरी. हाशिमोटो असलेल्यांत सिलिअॅक आजार, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्यांना न सोसणं, इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो, आणि त्यात गहू आयुष्यभर सोडावाच लागतो. पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी सोडलास तर आजार असूनही तपासणीत दिसणार नाही. पोट सतत बिघडत असेल, हिमोग्लोबिन वाढतच नसेल तर डॉक्टरांना ही तपासणी विचार. ती नॉर्मल आली तर पोळी सोडून थायरॉईड बरं होतं याला भक्कम पुरावा नाही. मेसमध्ये पोळीच गेली तर ताटात उरणार काय? बटाट्याची भाजी आणि भात. त्यापेक्षा खोलीवर अंडी, दही आणि भाजलेले हरभरे ठेव.

बायोटिनबद्दल महत्त्वाचं : त्याने थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेव, आणि घेतेस हे डॉक्टरांना सांग.

प्रश्न : मी कराडची, वय ६१. सुनेला लग्नाआधीपासून थायरॉईड आहे. मुलगी गुणी आहे, पण फार दमते. परवा तिने हळूच सांगितलं, पाळी चुकलीय. मला आनंद झाला, काळजीही वाटते. तिला काय करून घालू? डिंकाचे लाडू करू का?

उत्तर : काकू, तुम्ही सुनेसाठी लिहिलंत, किती बरं वाटलं. पण लाडवांच्या आधी एक काम आजच करा. चाचणी करून तिच्या डॉक्टरांना लगेच कळवा. पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते सगळं आईकडून घेतं, म्हणून बहुतेकींचा गोळीचा डोस सुरुवातीलाच वाढवावा लागतो. सातव्या-आठव्या आठवड्यात दाखवू असं म्हणून थांबू नका. आणि कुणी ‘दिवस गेलेत, आता गोळ्या नकोत’ म्हणालं तर ऐकू नका. ही गोळी बंद करायची नसते.

पुढे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील. त्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या. दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्री जेवताना कॅल्शियम, असं बसवा. या दोघीही एकत्र नकोत. ही जबाबदारी तुम्ही घ्या, दमलेल्या पोरीला घड्याळ बघायला लावू नका. सकाळी मळमळत असेल तर गोळीनंतर तासाभराने कोरडी भाकरी किंवा ज्वारीच्या लाह्या, मग सावकाश बाकीचं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं : मुगाची खिचडी तूप घालून, ताकातला पालक, लिंबू पिळलेली मोडाची मटकी चांगली शिजवून. मीठ घरात आयोडीनचंच असू द्या.

डिंकाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवा. आत्ता तिला राजगिऱ्याचा लाडू द्या, आणि दुपारी एक तास निजू द्या.