ओव्होम्युकॉइडचे नंबर जुळत नाहीत? आधी ऑर्डर थांबव

तुझी पोस्ट वाचून पोटात खड्डाच पडला. ओव्होम्युकॉइडवर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातल्या ॲलर्जी आणणाऱ्या प्रोटीनवर, बेपीप्रेड (अँटिबॉडी कुठे चिकटेल याचा अंदाज देणारं टूल) चालवलं, त्याने दाखवलेल्या जागांचे नंबर जुन्या रिसर्च पेपरशी जुळत नाहीत आणि सोमवारी पेप्टाइडची, म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांची, ऑर्डर जाणारे, असं लिहिलंयस. एमएस्सीला आहेस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

बहुतेक घोळ 24 चा आहे. युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवरचा सिक्वेन्स 210 अमिनो ॲसिडचा, त्यातले पहिले 24 सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनला पेशीबाहेरची वाट दाखवणारा तुकडा, ते कोंबडीच्या पेशीतच कापलं जातं आणि अंड्यात येतो तो 186 चा प्रोटीन. पेपरवाले नंबर त्या 186 वर देतात, म्हणजे त्यांचा 1 तो तुझा 25.

मी हे न बघता पेपरमधले नंबर उचलले आणि युनिप्रॉटच्या सिक्वेन्सवर तसेच कापले. 11 ते 20 म्हणून जो तुकडा मागवला तो एस-एफ-व्ही-एल-सी-जी-एफ-एल-पी-डी (एक अक्षर म्हणजे एक अमिनो ॲसिड) निघाला, हवा होता ए-टी-डी-के-ई-जी-के-डी-व्ही-एल. आलेला पाण्यात विरघळेचना, तर मी डीएमएसओ हे सॉल्व्हंट घालून रेटलं. तिथेच थांबायला हवं होतं, कारण अंड्याच्या पांढऱ्यात विरघळून राहणाऱ्या प्रोटीनचा वरचा भाग इतका तेलकट कसा असेल? आणि त्यावर सिरम, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला पातळ भाग, वापरून बसले. लहान मुलांचं सिरम, एकेकाचं जेमतेम मिळालेलं, आई-बापांनी विश्वासाने दिलेलं. ते परत मागायला तोंड नव्हतं. पैशापेक्षा मला आजही हेच लागतं.

पुढचं परचेसवाल्यांनी केलं. फेब्रुवारीत चूक कळली, नवीन ऑर्डरला परत तीन कोटेशन, एका सहीसाठी फाइल दोनदा खाली आली, मग मार्च एन्ड, मग "या बजेट हेडमधून एकदा घेतलंय, आता पुढच्या वर्षी". मी परळ ते ठाणे लोकलमध्ये रोज तोच अर्ज नव्याने लिहायचे. सात महिने गेले. मुंबईत रिसर्च करायचा तर सायन्सच्या आधी परचेसची माणसं ओळखीची करून ठेव, हे मनापासून सांगतेय.

आता टूलबद्दल माझं मत, पटलं तर घे. बेपीप्रेड 2.0 शिकलंय ते अँटिबॉडी-अँटिजनच्या क्रिस्टल स्ट्रक्चरवरून, खास आयजीईवर, म्हणजे ॲलर्जीच्या अँटिबॉडीवर, नाही. त्यामुळे स्कोअर 0.5 च्या वर आला की ॲलर्जीची जागा सापडली असं धरू नकोस, ती फक्त तपासायच्या जागांची यादी आहे. या प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या असतात, त्या सिक्वेन्समध्ये दिसत नाहीत. प्रोटीनची घडी धरून ठेवणारे डायसल्फाइड बंध नऊ आहेत, म्हणून घडीने जवळ आलेले भाग सुट्या पेप्टाइडमध्ये हरवतात, त्यासाठी एलिप्रो किंवा डिस्कोटोप ही टूल्स प्रोटीनच्या 3डी स्ट्रक्चरवर चालव. आणि 80 अमिनो ॲसिडच्या खिडकीत 35 टक्के साम्याचा नियम इथे नको लावूस, तो नवीन प्रोटीन ओळखीच्या ॲलर्जनसारखा आहे का हे बघायला आहे, एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी चिकटायची जागा, शोधायला नाही. कोळंबीचा ॲलर्जन ट्रोपोमायोसिन यावर काम करणाऱ्यांनी माझा 24 तिकडे वापरू नये, त्याला सिग्नल पेप्टाइड नसतं.

मी डॉक्टर नाही. कुणी हे वाचून मुलाला अंडं द्यायचं की बंद करायचं ठरवू नका, ॲलर्जीवाल्या डॉक्टरांकडेच जा.

तू एवढंच कर, दोन्ही सिक्वेन्स एकाखाली एक लाव, ए-ई-व्ही-डी-सी (186 वाल्याची सुरुवात) कुठून सुरू होतं ते बोट ठेवून मोज, मग मागवायच्या तुकड्यांची यादी इथे टाक. सोमवारच्या आत मी प्रत्येक तुकडा मोजून देते.