टाकी फुल केली की गाडी का थरथरते?

प्रश्न : माझी पेट्रोल कार 2018 सालची आहे. टाकी फुल केली की पंपावरच सेल्फ लांबतो, एक्सलरेटर दिल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. सुरू झाली तरी उभ्या जागी इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा खाली पडतो, कधी गाडी बंदच पडते. पाच-सात मिनिटांनी सगळं सुरळीत. पाचशेचं पेट्रोल टाकलं तर मात्र काही होत नाही. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, तरी फरक नाही. पेट्रोलमध्येच खोट असेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पेट्रोल खराब असतं तर ती टाकी संपेपर्यंत गाडीने त्रास दिला असता. तुमचा त्रास पाच-सात मिनिटांत जातो आणि टाकी फुल केली तरच होतो. या दोन गोष्टी पर्ज व्हॉल्व्हकडे, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे, बोट दाखवतात. तो तपासेपर्यंत इंजेक्टर क्लीनिंगवर पैसे घालू नका.

टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर सुटू नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते. इंजिन तापल्यावर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि ही वाफ इंटेक मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळ्यांतून) इंजिनात जाऊन जळते. सेल्फ मारताना हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा. तो उघडा अडकला की घोटाळा होतो. टाकीत शिरणारं पेट्रोल आतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलतं. जितकं जास्त भराल तितकी वाफ जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा तर विचारूच नका. सेल्फ मारताच ती सगळी वाफ इंजिनात ओढली जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. वेगात चालताना हवा भरपूर असल्याने ती खपते, आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, खपत नाही.

तपासणी घरीही जमते. व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इंटेक मॅनिफोल्डजवळ असतो : काळा प्लास्टिकचा, दोन पाइप आणि दोन पिनचा कनेक्टर. इंजिन बंद असताना कनेक्टर काढा. मागून, कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा. मॅनिफोल्डकडचा पाइप काढायचा नाही. आता इंजिन सुरू करून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. वीज तोडलेली असल्याने ओढ अजिबात लागायला नको. ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. कनेक्टर लावलेला ठेवून ही तपासणी केली तर फसाल, कारण तापलेल्या इंजिनावर ईसीएम तो स्वतःच उघडझाप करतो. कनेक्टर काढल्यामुळे चेक लाइट लागू शकतो, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. पेट्रोलची वाफ आहे. जवळ बिडी-सिगारेट नको.

मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर टाकी फुल केल्यावर लगेच, इंजिन गरम असताना आयडलला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते, बघायला सांगा. उणे 15-20 टक्क्यांच्या आसपास जाऊन, पर्जचा पाइप दाबून धरताच शून्याकडे आला, तर निदान पक्कं. स्कॅनरवर दिसणारा पी0496 हा दोषाचा कोडही हेच सांगतो. याउलट ट्रिम अधिककडे पळत असेल तर हवेची गळती किंवा पाणी मिसळलेलं पेट्रोल शोधा.

नवा व्हॉल्व्ह बसवायला फार वेळ लागत नाही. पण आधी जुना व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर आतून फुटलाय. तो न बदलता नुसता व्हॉल्व्ह टाकला, तर तेच दाणे अडकून नवाही काही दिवसांत उघडा राहील. त्यामुळे कॅनिस्टर बदला आणि मधला पाइप हवेने फुंकून काढा.

दुरुस्ती होईपर्यंत पंपावर गाडी अडली तर एक्सलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात आणि साठलेली वाफ निघून जाते.

कॅनिस्टर खराब होण्याचं मोठं कारण आपली राउंड फिगरची सवय. नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘दोन हजार करा’ म्हणून आणखी पेट्रोल कोंबलं जातं. वाफेसाठी ठेवलेली जागा भरते आणि वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं. पहिल्या ‘टक’ला थांबवायला सांगा, मग बिल 1,963 रुपये झालं तरी चालेल.

प्रश्न : पावसाळ्यात पेट्रोल टाकल्यापासून गाडी सतत झटके खाते. पाणी असेल तर कसं ओळखायचं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून अर्धा तास सावलीत ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर गाडी चालवू नका. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉललाही घेऊन खाली बसतं, म्हणून हा थर प्रत्यक्ष पाण्यापेक्षा मोठा दिसतो. टाकीतला पंप तळातूनच ओढतो. टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या, फिल्टर बदला, प्लग काढून वाळवा. वरून एखादा ॲडिटिव्ह ओतून हे सुटत नाही. पंपाचं बिल आणि ती बाटली जपून ठेवा, तक्रार करताना दोन्ही लागतील. फिल्टर पेपर आणि घनतेची तपासणी पंपावर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.